घड्याळाच्या कवचाचा ध्यास घेतलेला माणूस

खामगाव, मलकापूर किंवा चिखलीच्या बाजारपेठेत काचेची छोटी पेटी पुढ्यात मांडून बसणारे घड्याळजी आता फार उरलेले नाहीत. जे आहेत, त्यांच्याकडे येणारी बहुतेक गिऱ्हाइके सेल किंवा पट्टा बदलून घेण्यापुरतीच येतात. अधूनमधून मात्र कोणीतरी रुमालात गुंडाळलेले जुने मनगटी घड्याळ बाहेर काढतो. ते वडिलांना लग्नात मिळालेले असते, नाही तर आजोबांनी पहिल्या पगारातून घेतलेले. घड्याळजी डोळ्याला भिंग लावतो, मागचे झाकण उघडतो आणि बहुतेक वेळा त्याचे निदान एकच असते : यंत्र अजून चालेल, पण केस गेली आहे.

केस म्हणजे यंत्र ज्यात बसते ती धातूची डबी. काचेभोवतीचे कडे, मागचे झाकण, पट्टा अडकवण्याचे चार कान आणि बाजूची किल्ली, म्हणजे कारागीर ज्याला क्राउन म्हणतात ती गोल खुंटी, हे सारे तिचेच भाग. विदर्भातला उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो. महिनोन्महिने मनगटावर साचलेला घाम झाकणाच्या कडेला धातू खातो. कापसाच्या गंजींतली आणि काळ्या मातीची धूळ झिजलेल्या किल्लीवाटे आत शिरते. तेल घट्ट होते, तबकडीवर डाग पडतात, काटे गंजतात. यंत्राच्या मृत्यूचे कारण पुष्कळदा यंत्रात नसतेच, ते बाहेरच्या कवचात असते.

ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी ज्याने अचूक ओळखली आणि जवळजवळ सारे आयुष्य तिच्यामागे लावले, तो माणूस स्वतः घड्याळजी नव्हता. त्याने कधी चाक कापले नाही की स्प्रिंग बसवली नाही. त्याचे नाव हान्स विल्सडॉर्फ. 'रोलेक्स' हे नाव जगाला दिले ते त्यानेच. आज ते नाव श्रीमंतीशी जोडले गेले असले, तरी त्यामागच्या माणसाची खरी धडपड एका साध्या प्रश्नाभोवती फिरत होती : मनगटावरच्या घड्याळात धूळ आणि पाणी शिरू द्यायचे नाही, ते कसे?

पोरकेपणातून उभा राहिलेला मुलगा

विल्सडॉर्फ यांचा जन्म २२ मार्च १८८१ रोजी जर्मनीतील बव्हेरिया प्रांतातल्या कुल्मबाख या गावी झाला. घरचा व्यापार लोखंडी सामानाचा होता. हान्स बारा वर्षांचा होईपर्यंत आई आणि वडील दोघेही गेले. मामा-काकांनी घरचा व्यवसाय विकला, आलेला पैसा मुलांच्या शिक्षणासाठी राखला आणि हान्सला कोबुर्ग येथील निवासी शाळेत पाठवले. गणित आणि भाषा हे त्याचे आवडते विषय. वडिलोपार्जित दुकान नाही, परतायला घर नाही, अशा स्थितीत स्वतःच्या पायावर उभे राहण्याची सवय त्याला लहानपणीच लागली. पुढे आपल्या यशाचे बरेचसे श्रेय त्यांनी याच सवयीला दिले.

शाळा संपल्यावर जिनिव्हात मोत्यांच्या एका व्यापाऱ्याकडे उमेदवारी झाली. १९०० साली हान्स स्वित्झर्लंडमधील ला शो-द-फों या घड्याळांच्या गावी पोहोचला. तिथल्या कुनो कॉर्टेन या निर्यातदार पेढीत तो इंग्रजी पत्रव्यवहार पाहू लागला. महिना ८० फ्रँक पगार. पत्रांखेरीज आणखी एक काम त्याच्याकडे होते : रोज शेकडो खिशातल्या घड्याळांना किल्ली द्यायची आणि ती वेळ बरोबर दाखवतात की नाही हे तपासायचे. घड्याळ हातात घेऊन ऐकण्याची आणि पाहण्याची तालीम त्याला अशी कारकुनीतून मिळाली.

मनगटावर लावलेली पैज

१९०३ मध्ये विल्सडॉर्फ लंडनला गेले. १९०५ साली, चोविसाव्या वर्षी, त्यांनी आल्फ्रेड डेव्हिस यांच्यासह हॅटन गार्डन भागात 'विल्सडॉर्फ अँड डेव्हिस' ही पेढी काढली. पुढे डेव्हिस यांचा विवाह विल्सडॉर्फ यांच्या धाकट्या बहिणीशी झाला. स्वित्झर्लंडमधील बील येथील एगलर यांच्या कारखान्यातून छोटी यंत्रे मागवायची, इंग्लंडमध्ये ती केसमध्ये बसवायची आणि दुकानदारांना विकायची, असा धंदा होता.

त्या काळी मनगटी घड्याळ हा बायकांचा दागिना समजला जाई. पुरुषाचे घड्याळ खिशात, साखळीला. छोटे यंत्र वेळ नीट पाळणार नाही आणि मनगटाचे हेलकावे, धूळ व घाम यांपुढे ते टिकणारही नाही, असे बहुतेक कारागिरांचे मत होते. विल्सडॉर्फ यांनी यातला प्रत्येक आक्षेप सुटा केला आणि एकेकाला उत्तर शोधायला घेतले.

पहिला प्रश्न नावाचा. १९०८ साली त्यांनी 'रोलेक्स' हे नाव नोंदवले : लहान, कोणत्याही भाषेत उच्चारता येईल असे, छोट्या तबकडीवर मावेल असे. दुसरा प्रश्न अचूकतेचा. १९१० साली बील येथील तपासणी केंद्राने त्यांच्या मनगटी घड्याळाला क्रोनोमीटर दर्जाचे प्रमाणपत्र दिले. १५ जुलै १९१४ रोजी लंडनजवळच्या क्यू वेधशाळेने ४५ दिवसांच्या चाचणीनंतर त्यांच्या घड्याळाला 'अ' वर्गाचे प्रमाणपत्र दिले. तोवर हा मान जहाजांवरच्या मोठ्या घड्याळांकडे जात असे.

त्यानंतर काही दिवसांतच पहिले महायुद्ध पेटले. खंदकात उभ्या असलेल्या शिपायाला खिशातून घड्याळ काढायला सवड नव्हती. मनगटी घड्याळ दागिना राहिले नाही, ते हत्यारासारखेच कामाची वस्तू झाले. हिंदी फौजांच्या हातावरही 'वेस्ट एंड वॉच' या मुंबई-कलकत्त्यात पसरलेल्या कंपनीची घड्याळे होती. पण त्याच खंदकांनी या घड्याळांचे दुबळेपण उघडे केले. खिशातल्या घड्याळाच्या केसला तारेचे दोन कान झाळून लावलेले असत. झटका बसला की झाळ सुटे. चिखल आणि पाणी किल्लीच्या भोकातून आत जाई. अचूकतेचा प्रश्न सुटला होता. आता प्रश्न होता कवचाचा.

आटे झिजले, मग वाट सापडली

युद्धाने धंद्यावरही घाव घातला. १९१५ मध्ये ब्रिटनने आयात घड्याळांवर ३३ टक्क्यांहून अधिक जकात बसवली. जर्मन नावाच्या व्यापाऱ्याकडे संशयाने पाहिले जाण्याचाही तो काळ होता. युद्ध संपल्यावर विल्सडॉर्फ यांनी लंडनमधील मुख्य कारभार आवरला आणि १९२० पर्यंत कंपनीचे बस्तान जिनिव्हात बसवले. एका गावातून उखडून दुसरीकडे रुजण्याची त्यांच्यावर आलेली ही पहिली वेळ नव्हती.

जिनिव्हात त्यांनी केसचा ध्यास घेतला. पाणी रोखणारी केस ही कल्पना नवी नव्हती. जिनिव्हाच्याच फ्रांस्वा बोर्जेल यांनी १८९१ साली आट्यांनी घट्ट होणाऱ्या केसचे पेटंट घेतले होते आणि अशी घड्याळे युद्धात अनेक अधिकाऱ्यांच्या हातावर होती. अडचण एकच राहत होती. किल्ली दिल्याशिवाय घड्याळ चालत नाही, आणि किल्लीसाठी केसला भोक पाडावेच लागते.

१९२२ च्या सुमारास रोलेक्सने एक वेगळा उपाय बाजारात आणला : संपूर्ण घड्याळ दुसऱ्या, मोठ्या डबीत बंद करायचे आणि तिचे झाकण आट्यांनी घट्ट करायचे. ही रचना ज्यां फिंगर यांच्या पेटंटची. धूळ आणि पाणी खरोखरच अडले. पण घड्याळाला रोज किल्ली द्यावी लागे आणि त्यासाठी रोज बाहेरचे झाकण उघडावे लागे. सततच्या उघडझापीने आटे झिजू लागले. संरक्षणासाठी केलेली तजवीजच रोजच्या वापरात निकामी होऊ लागली. जुन्या घड्याळांच्या दुरुस्तीत आजही पहिल्याने तपासली जाणारी गोष्ट हीच : आटे धरतात की नाही.

या अपयशातून विल्सडॉर्फ यांनी योग्य धडा घेतला. झाकण बळकट करून भागणार नव्हते, किल्लीच केसमध्ये घट्ट बसवायला हवी होती. १९२५ मध्ये पॉल पेरगो आणि जॉर्ज पेरे या दोन स्विस कारागिरांनी आट्यांवर फिरवून बंद करता येणाऱ्या किल्लीचे पेटंट मागितल्याचे त्यांना कळले. त्यांनी ते हक्क विकत घेतले आणि रचनेत सुधारणा करवून घेतल्या. केसमधून बाहेर डोकावणारी एक आटेदार नळी, तिच्यावर फिरून घट्ट बसणारी किल्ली. काचेचे कडे आणि मागचे झाकण हेही मधल्या भागावर तसेच आट्यांनी बसवलेले. १९२६ साली या केसचे नाव ठरले 'ऑयस्टर', म्हणजे शिंपला. आतला जीव राखण्यासाठी मिटून घेणारा शिंपला.

यातला प्रत्येक भाग विल्सडॉर्फ यांनी शोधलेला नाही, हे सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. चांगली कल्पना कुठे आहे हे ओळखणे, तिच्यासाठी पैसा मोजणे आणि ती विकण्याजोगी होईपर्यंत तिचा पिच्छा न सोडणे, हे त्यांचे खरे कसब होते.

खाडीतली परीक्षा

शिंपल्यावर लोकांचा विश्वास बसवायचा कसा? ७ ऑक्टोबर १९२७ रोजी मर्सिडीज ग्लाइट्झ या तरुणीने पंधरा तासांहून अधिक काळ पोहत इंग्लिश खाडी पार केली. असे करणारी ती पहिली ब्रिटिश महिला. थोड्याच दिवसांत दुसऱ्या एका महिलेने खाडी पोहल्याचा खोटा दावा केला आणि तो उघडकीला आल्यावर ग्लाइट्झच्याही पराक्रमाबद्दल शंका घेतली जाऊ लागली. ती मिटवण्यासाठी २१ ऑक्टोबरला ती पुन्हा पाण्यात उतरली. या वेळी विल्सडॉर्फ यांनी दिलेले ऑयस्टर घड्याळ तिच्या गळ्यात होते.

पाणी अतिशय थंड होते. दहा तासांहून अधिक काळ झुंज दिल्यावर तिला बाहेर काढावे लागले. खाडी पार झाली नाही, पण तिच्या जिद्दीबद्दल कोणाला शंका उरली नाही आणि घड्याळ चालूच होते. २४ नोव्हेंबर १९२७ रोजी लंडनच्या 'डेली मेल'च्या पहिल्या पानावर ऑयस्टरची पानभर जाहिरात झळकली. हे घड्याळ खाडी यशस्वीरीत्या पार करताना तिच्याजवळ होते, असे अनेक ठिकाणी छापले जाते. वास्तविक ते होते अपुऱ्या राहिलेल्या दुसऱ्या प्रयत्नात. दुकानांच्या दर्शनी खिडकीत माशांच्या काचपेटीत बुडवलेले चालू घड्याळ ठेवण्याची युक्तीही त्याच काळातली. धंद्याचे गणित विल्सडॉर्फ यांना पक्के ठाऊक होते.

किल्लीला विश्रांती

तरीही एक दोष उरला होता, आणि तो माणसाच्या सवयीचा होता. किल्ली देऊन झाल्यावर ती पुन्हा घट्ट करायला लोक विसरत. शिवाय रोज उघडल्याने नळीचे आटे झिजण्याचा जुना धोका होताच. उपाय असा की किल्ली द्यायचीच गरज पडू नये. आपोआप किल्ली भरणारे मनगटी घड्याळ जॉन हारवूड या इंग्रज कारागिराने १९२०च्या दशकात आधीच बनवले होते. १९३१ मध्ये रोलेक्सने त्यापुढचे पाऊल टाकले : हाताच्या हालचालीबरोबर दोन्ही दिशांना पूर्ण वर्तुळ फिरणारे वजन, जे स्प्रिंग आपोआप गुंडाळत राहते. या घड्याळाला 'पर्पेच्युअल' नाव मिळाले. सोय हा त्याचा एक फायदा होता. दुसरा फायदा केसचा : किल्ली क्वचितच उघडायची असल्याने शिंपला मिटलेलाच राहू लागला.

१९४५ साली कंपनीच्या चाळिसाव्या वर्षी तबकडीवर तारीख दाखवणारे 'डेटजस्ट' आले. १९५३ पासून पाणबुड्यांसाठी 'सबमरीनर' घडू लागले. रूप बदलत गेले, मूळ कल्पना तीच राहिली.

युद्ध, संशय आणि एकटेपण

दुसऱ्या महायुद्धात जर्मन छावण्यांतील ब्रिटिश युद्धकैद्यांची घड्याळे काढून घेतली जात. विल्सडॉर्फ यांनी अशा कैद्यांना रोलेक्स घड्याळे उधारीवर पाठवण्याची तयारी दाखवली. पैसे युद्ध संपल्यावर द्यायचे. कैद्यांनी पत्रे लिहून मागणी नोंदवली आणि घड्याळे छावण्यांत पोहोचलीही. युद्ध संपेल आणि हे कैदी सुटून घरी जातील, असा विश्वास त्या उधारीतच होता.

याच काळाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. त्यांना नाझी राजवटीबद्दल सहानुभूती असावी, असा संशय युद्धकाळातल्या ब्रिटिश सरकारी कागदपत्रांत नमूद आहे. २०२५ साली या कागदपत्रांची वृत्तपत्रांतून चर्चा झाली. संशय नोंदलेला आहे, तो सिद्ध झालेला नाही. दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या आयुष्यात शेजारी शेजारी आहेत आणि चरित्र वाचणाऱ्याने दोन्ही लक्षात ठेवाव्यात.

१९४४ मध्ये त्यांच्या पत्नी फ्लोरेन्स यांचे निधन झाले. दोघांना मूल नव्हते. पुढच्याच वर्षी त्यांनी 'हान्स विल्सडॉर्फ प्रतिष्ठान' स्थापन केले आणि आपल्या पश्चात कंपनीची मालकी त्याच्याकडे जाईल अशी व्यवस्था केली. ६ जुलै १९६० रोजी जिनिव्हात त्यांनी शेवटचा श्वास घेतला. बाराव्या वर्षी ज्याचा घरचा व्यवसाय नातेवाइकांनी विकून टाकला, त्याने उभारलेला व्यवसाय मात्र कोणाला विकता येऊ नये, अशी तरतूद करून तो गेला. रोलेक्सची मालकी आजही त्या प्रतिष्ठानाकडेच आहे.

आपल्या कपाटातले घड्याळ

बुलडाणा जिल्ह्यातल्या कपाटांत रोलेक्स सापडण्याचा संभव थोडाच. तिथे सापडते एचएमटी, फावर-लुबा किंवा वेस्ट एंड. पंडित नेहरूंच्या हस्ते १९६१ साली पहिली घड्याळे बाहेर आलेल्या सरकारी एचएमटीचा घड्याळ विभाग २०१६ मध्ये बंद करण्याचा निर्णय झाला. त्यामुळे 'जनता' किंवा 'पायलट' घड्याळाची नवी केस मागवावी, तर ती मूळ कारखान्यातून येणार नाही. हे भाग सुटे मिळतात ते जुन्या साठ्यातून किंवा दुसऱ्या मेलेल्या घड्याळातून.

इथे विल्सडॉर्फ यांच्या आयुष्याचा धडा थेट उपयोगी पडतो. दुरुस्तीला आलेल्या घड्याळात काय जपायचे आणि काय बदलायचे, याचा विवेक हवा. काच, झाकणाचे रबरी वॉशर, किल्ली आणि तिची नळी हे झिजण्यासाठीच असलेले भाग. पाणी आणि धूळ अडवणे हे त्यांचे काम, आणि ते होत नसेल तर बदलावेत. नळीचे आटे गेले असतील, तर नुसती किल्ली बदलून भागत नाही, दोन्ही एकदम बदलावी लागतात. याउलट केसचा मधला भाग, मागचे झाकण आणि तबकडी ही घड्याळाची ओळख. झाकण पक्कडीने किंवा कात्रीच्या टोकाने उघडले, तर कडेवर कायमचे ओरखडे उठतात. योग्य मापाच्या चावीनेच ते उघडायला हवे. पॉलिशच्या चाकावर केस धरली की ती क्षणभर चमकते, पण प्रत्येक वेळी थोडा धातू जातो, कानांच्या कडा गोल होतात आणि त्या परत येत नाहीत. क्रोमचा मुलामा उडून पितळ दिसू लागलेली केस नव्याने मुलामा देऊन घेता येते, पण धातू खाऊन खड्डे पडले असतील तर आधी ते भरून घ्यावे लागतात.

या विवेकाच्या अभावी महाराष्ट्राच्या राजधानीच्या नावाला एक डागही लागला आहे. जगभरचे संग्राहक भडक रंगवलेल्या तबकडीच्या आणि भलत्याच घड्याळाची केस जोडलेल्या जुन्या मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. रंगकाम आणि जुळवाजुळव करणाऱ्यांच्या हातात कसब आहे, यात शंका नाही. फसवणूक होते ती जोडकाम मूळ म्हणून विकले जाते तेव्हा.

खामगाव ही रजतनगरी. चांदीत अंगभूत कौशल्य असलेली बोटे या शहरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. जुन्या चांदीच्या केसचा तुटलेला कान झाळून जोडणे अशा हातांना अवघड नाही. अट एवढीच की झाळण्यापूर्वी यंत्र, तबकडी, काच आणि काटे बाहेर काढलेले असावेत, कारण त्यांना उष्णता सहन होत नाही. म्हणजे घड्याळजी आणि सोनार या दोघांनी एकमेकांशी बोलून करायचे हे काम आहे.

दुरुस्ती झाल्यावर घड्याळजीकडून आणखी एक गोष्ट मागून घ्यावी : काढलेले जुने भाग. तडकलेली काच, झिजलेली किल्ली, तुटलेली पिन. ते एका पाकिटात घालून, वर तारीख आणि काय बदलले ते लिहून, घड्याळासोबत ठेवावे. उद्या नातवाच्या हाती ते घड्याळ गेले, तर आजोबांच्या बोटांनी रोज फिरवलेली किल्ली कोणती होती, हे त्याला पाकीट उघडून पाहता येईल.